घरच्या सेडानला जोडलेला सहा बाय चारचा ट्रेलर: तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीच्या आसपास नवे घर बांधून घेणाऱ्याला पहिल्याच पावसाळ्यात आपल्या अंगणातील जमिनीची ओळख होते. हा सारा भाग लाव्हारसाच्या मैदानाचा असून खाली काळा कातळ आणि वर चिकण माती आहे, जी उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि ओली झाली की बुटाला किलोकिलोने चिकटते. दख्खनच्या पठारावरून आलेल्या माणसाला ती अनोळखी वाटत नाही, पण त्या मातीत कढीपत्ता आणि टोमॅटो लावायचे तर वर बाहेरची भुसभुशीत माती आणून टाकावी लागते, झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा चुरा पसरावा लागतो, आणि हे सामान गाडीच्या डिकीत गोण्या भरून आणण्याला मर्यादा आहे. आम्ही पहिले वर्ष गोण्यांवर काढले आणि दुसऱ्या वर्षी ट्रेलर घेतला. तो आमच्या कुटुंबाच्या एकुलत्या एक सेडानला जोडून गेली तीन वर्षे वापरत आहे, आणि पुष्कळ मराठी घरांतून त्याविषयी विचारणा होत असल्यामुळे हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

गाडी २०१६ सालची पेट्रोलवर चालणारी टोयोटा कॅमरी आहे. ती आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या अल्टोना येथील कारखान्यात तयार झालेली असून तो कारखाना ३ ऑक्टोबर २०१७ रोजी कायमचा बंद झाला. ट्रेलर इथे ज्याला सगळे ‘सहा बाय चार’ म्हणतात तो, म्हणजे सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि सुमारे एक फूट उंचीच्या फळ्या असलेला एकाच आसाचा उघडा हौदा. खाली पाट्यांचे स्प्रिंग, दोन चाके, पुढे उभे राहण्यासाठी लहान जॉकी व्हील, आणि सर्वांगाला जस्ताचा गरम लेप. रंग दिलेला ट्रेलर शेदीडशे डॉलरनी स्वस्त मिळत होता, परंतु ओली माती, खत आणि समुद्राकडचा वारा यांचा विचार करून जस्ताचा घेतला, आणि तीन वर्षांनंतर सांध्यांतून गंजाचा एकही ओघळ आलेला नाही, त्यामुळे ते पैसे योग्य ठिकाणी गेले असे मी म्हणेन. ब्रेक मात्र त्याला नाहीत. भरलेल्या अवस्थेत ७५० किलोपर्यंतच्या अशा ट्रेलरला ऑस्ट्रेलियात ब्रेक बसवण्याची सक्ती नाही, आणि बाजारातले बहुतेक सहा बाय चार याच गटात विकले जातात.

या ७५० च्या आकड्यापाशीच बहुतेकांची फसगत होते, म्हणून इथे जरा थांबतो. ट्रेलरच्या दांड्यावर जी पत्र्याची पट्टी ठोकलेली असते तिच्यावरचा आकडा ट्रेलरची ताकद सांगतो. टोबारवर, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेल्या लोखंडी दांड्यावर, वेगळी पट्टी असते, माझ्या टोबारवर १२०० लिहिले आहे. आणि गाडीच्या पुस्तिकेत तिसरा आकडा असतो, किंबहुना दोन आकडे असतात: माझ्या कॅमरीला ब्रेक असलेला ट्रेलर १२०० किलोपर्यंत आणि ब्रेक नसलेला केवळ ५०० किलोपर्यंत ओढण्याची परवानगी आहे. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तोच आपला. माझा ट्रेलर रिकामा असताना २१० किलो भरतो, म्हणजे माल फक्त २९० किलो चालतो. दुकानदाराने ‘साडेसातशेचा ट्रेलर आहे’ असे सांगितले की आपण मनाशी पाचशे किलो मालाचा हिशेब मांडतो, आणि तो हिशेब सेडानच्या बाबतीत जवळजवळ दुप्पट चुकलेला असतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले म्हणजे त्याचे सगळे वजन गाडीच्या चार चाकांनी थांबवायचे असते. इंजिनाला ते वजन ओढणे अवघड नसते, थांबवणे अवघड असते, आणि पुस्तिकेतील दोन आकड्यांमधील एवढे मोठे अंतर त्यासाठीच आहे.

हे मला कळले ते मातीच्या दुकानात. या भागात माती, वाळू, खडी सुट्टी विकणारी मोठी आवारे आहेत. तिथे आपण ट्रेलर घेऊन उभे राहायचे आणि लोडरवाला वरून बादली रिकामी करतो. माप घनमीटरचे असते, आणि लोक नुसते ‘पाव मीटर’, ‘अर्धा मीटर’ असे म्हणतात. मी पाव मीटर बागेची माती सांगितली होती. लोडरवाल्याने, बहुधा सवयीने, पूर्ण बादली ओतली, म्हणजे अर्धा मीटर. आदल्या रात्री पाऊस झालेला होता. ओल्या मातीचा घनमीटर सहज १,४०० किलो भरतो, तेव्हा माझ्या हौद्यात एका क्षणात सातशे किलो येऊन पडले होते. पाट्यांचे स्प्रिंग सपाट झाले, गाडीचा मागचा बंपर खाली बसला आणि नाक वर उचलले गेले. कॅमरी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, तिची वळण्याची आणि बरीचशी थांबण्याची मदार पुढच्या चाकांवर असते, आणि तीच चाके अशा वेळी हलकी होतात. आवारातच वीस पावले गाडी पुढे घेतली तेव्हा सुकाणू हातात मऊ, पोकळ लागले. मी खाली उतरलो आणि माती परत काढायला सांगितली. ‘इथले सगळे एवढी नेतात’ असे उत्तर मिळाले आणि लोडर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. तेव्हा त्यांच्याच ढिगावर फावड्याने माती परत टाकली, त्याला पाऊण तास लागला, आणि उरलेली घरी नेली. पैसे पूर्ण बादलीचे द्यावे लागले. त्याचे वाईट वाटले, पण तो ट्रेलर तसाच रस्त्यावर नेला नाही याचे समाधान अधिक आहे.

त्या दिवसानंतर मी हौद्याच्या आतल्या बाजूने रंगाने दोन रेषा मारल्या. तांबडी रेषा तळापासून पाच बोटांवर आहे आणि हिरवी एका वितीवर. ओली माती तांबड्या रेषेच्या वर जाऊ द्यायची नाही, लाकडाचा चुरा हिरव्या रेषेपर्यंत चालतो, कारण त्याचा घनमीटर साधारण ४०० ते ५०० किलोच भरतो. पाच बोटे माती भरलेला ट्रेलर रिकामाच दिसतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या युटवाल्याला (युट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी) आपण विनाकारण तीन खेपा करत आहोत असे वाटते, हे खरे आहे. तरीही सेडानवाल्याने तीन खेपाच कराव्यात. वाळू आणि खडी तर मी आता आणतच नाही. ती मातीपेक्षाही जड असते, आणि घरपोच देणाऱ्या लहान टिपरचे भाडे तेवढ्या खेपांच्या पेट्रोलपेक्षा फारसे जास्त होत नाही.

वजन किती यापेक्षाही ते कुठे ठेवले आहे याला अधिक महत्त्व आहे, आणि याविषयी माझे खरे शिक्षण जिलाँगहून एक फ्रीज आणताना झाले. नात्यातल्या एका वहिनींनी घर बदलताना त्यांचा मोठा फ्रीज आणि कपडे धुण्याचे यंत्र आम्हाला देऊ केले. यंत्र आधी चढवले, ते हौद्याच्या मध्यावर राहिले. फ्रीज आडवा घालायचा नसतो म्हणून उभाच ठेवला, आणि घरी उतरवायला सोपा जावा म्हणून अगदी मागच्या फळीला टेकवून पट्ट्यांनी घट्ट आवळला. एकूण माल जेमतेम १८० किलो, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत होता. लिटल रिव्हरच्या उघड्या माळावर ताशी ९५ किलोमीटरने जात असताना एक मोठा ट्रक उजवीकडून पुढे गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. पहिला झोका लहान होता, दुसरा त्याहून मोठा, आणि तिसऱ्या झोक्याला गाडीची मागची बाजूही त्याच्याबरोबर ओढली जात असल्याचे बैठकीतून जाणवले. अशा वेळी ब्रेक दाबावासा वाटतो आणि सुकाणू उलट दिशेला फिरवावेसे वाटते, पण या दोन्ही गोष्टींनी झोके वाढतात. मी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि सुकाणू सरळ धरून ठेवले. वेग ताशी ७० च्या खाली उतरेपर्यंत ट्रेलर हलतच होता, मग हळूहळू शांत झाला. पुढच्या बाहेरच्या वाटेने उतरून सगळे सामान सोडले आणि फ्रीज पुढच्या फळीशी आणला. उरलेल्या प्रवासात तोच ट्रेलर, तोच माल आणि तोच वारा असूनही पुन्हा एकही झोका आला नाही.

रात्री वडिलांना फोनवर हे सांगितले. ते वाळवा तालुक्यातले, त्यांचे बालपण उसाच्या बैलगाड्यांत गेलेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “गाडी उलार भरलीस की रं.” मागे वजन जास्त झाले की बैलगाडीची धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते, ती गाडी उलार, आणि पुढे वजन फार झाले की जू मानेवर बसते, ती धुरजड. इथल्या सगळ्या पुस्तिकांतून आणि चित्रांतून जे समजावलेले असते ते आपल्या भाषेत या दोन शब्दांत पूर्वीपासून आहे. ट्रेलर किंचित धुरजड हवा, उलार कधीही नको. आकड्यात सांगायचे तर भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के भार टोबॉलवर, म्हणजे टोबारवरच्या गोळ्यावर, यावा. माझ्या ट्रेलरचे भरून ४५० किलो झाले तर तो ४५ किलोच्या आसपास असावा, आणि हलक्या ट्रेलरची सोय अशी की हा भार घरातल्या वजनकाट्यावर मोजता येतो. टोबॉलच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करायचा, जॉकी व्हील सावकाश वर घेत कपलिंग, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाशी असलेली जोडणीची वाटी, त्या ठोकळ्यावर टेकवायचे आणि आकडा वाचायचा. पाच मिनिटांचे काम आहे. मी आता दर वेळी करत नाही, पण सामान नेहमीपेक्षा वेगळे असेल तर अवश्य करतो.

जोडणीविषयी थोडे. कपलिंग ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसते, खटका खाली पडल्याचा आवाज येतो, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. खटका पडल्यानंतर मी जॉकी व्हील फिरवून ट्रेलरचे तोंड वर उचलून पाहतो. त्याबरोबर गाडीची मागची बाजूही उचलली गेली तरच कपलिंग खरोखर बसले आहे असे समजावे. साखळीची कडी हार्डवेअरच्या दुकानातली साधी नको, वजनाचा शिक्का असलेलीच हवी. दिव्यांसाठी सात पिनांचा चपटा प्लग आहे, आणि माझ्या संपूर्ण ट्रेलरमध्ये सर्वांत निराशाजनक भाग तोच ठरला. पहिल्याच वर्षी डावा इंडिकेटर दाबला की ब्रेकलाइट मंद लुकलुकू लागला. जिथे ट्रेलर घेतला तिथे बल्ब बदलून दिले, तरी दोष गेला नाही. शेवटी मी स्वतः पाहिले तेव्हा अर्थिंगची तार धातूला नीट न टेकताच स्क्रूने आवळलेली आढळली. जागा घासून साफ केली, तार पुन्हा बसवली, वर ग्रीस लावले, आणि तेव्हापासून दिवे व्यवस्थित आहेत. नवा ट्रेलर घेणाऱ्याने ही एक जागा पहिल्याच दिवशी तपासावी.

गाडी चालवताना रोजच्या रस्त्यावर फारसे वेगळे वाटत नाही, आणि सेडान बुटकी असल्यामुळे ती ट्रेलरसह उंच गाड्यांपेक्षा अधिक स्थिर राहते असे माझे मत झाले आहे. पुढच्या गाडीपासूनचे अंतर मात्र मी दुप्पट ठेवतो. बॅकस मार्शच्या पुढे पेंटलंड हिल्सचा लांब चढ आहे, तिथे भरलेल्या ट्रेलरसह गिअर आपोआप सारखा वरखाली होऊ लागतो, तेव्हा तो हाताने खालच्या गिअरमध्ये ठेवलेला बरा. परतताना त्याच उतारावरही तेच करतो, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. रिकामा ट्रेलर खड्ड्यांवरून उड्या मारतो आणि पत्र्याचा आवाज गाडीत येतो, याला इलाज नाही.

मागे घेणे हा स्वतंत्र विषय आहे. लोकांना वाटते की लहान ट्रेलर मागे घ्यायला सोपा असेल, प्रत्यक्षात तो मोठ्यापेक्षा अवघड असतो, कारण टोबॉलपासून चाकांपर्यंतचे अंतर थोडे असल्यामुळे तो क्षणात वळतो आणि गाडीशी काटकोन करून बसतो. त्यातून सेडानच्या मागच्या काचेतून रिकामा सहा बाय चार दिसतच नाही. मी हौद्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर हातभर उंचीच्या दोन काठ्या खोचतो, त्या काचेतून दिसतात. हात सुकाणूच्या खालच्या भागावर ठेवायचा, म्हणजे हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो. रविवारी सकाळी सभागृहाच्या मोकळ्या आवारात दोन तास सराव केल्यावर मला हे जमले. आमच्या घरातील मोठ्या मुलालाही शिकायचे आहे, परंतु लाल पीची पाटी असलेल्या, म्हणजे नुकताच परवाना मिळालेल्या, चालकाला व्हिक्टोरियात काही मोजके अपवाद सोडले तर ट्रेलर ओढता येत नाही, त्यामुळे सध्या तो दोर आवळायला मदत करतो.

ट्रेलरचा आमच्या घराला सर्वांत मोठा उपयोग भाद्रपदात होतो. मंडळाचे मखर, त्याच्या प्लायवूडच्या कमानी आणि घडीची टेबले आमच्या गॅरेजमध्ये असतात, आणि ती सभागृहापर्यंत न्यायला पूर्वी व्हॅन भाड्याने घ्यावी लागे. या सामानाचे वजन नगण्य असते, पण ते वाऱ्यात शिडासारखे फुगते. इथल्या माल बांधण्याच्या नियमानुसार दोर आणि पट्टे असे हवेत की पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के, दोन्ही बाजूंना व मागे ५० टक्के आणि वरच्या दिशेला २० टक्के जोर त्यांनी सहन करावा. हलक्या प्लायवूडच्या बाबतीत मी त्यातला वरचा जोर याहून पुष्कळ अधिक धरतो, कमानी उभ्या न ठेवता सपाट रचतो, वरून ताडपत्री घालतो आणि चार पट्टे आडवे आवळतो. दहा किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ओढावे लागतात, कारण सामान बसते आणि पट्टे सैल होतात. सभागृह नदीपलीकडे असेल त्या वर्षी वेस्ट गेट पुलावरून जावे लागते, आणि तिथला आडवा वारा ध्यानात घेऊन मी डावीकडची लेन आणि कमी वेग सोडत नाही. गणपतीची मूर्ती मात्र आम्ही कधीही ट्रेलरमधून नेली नाही. ती गाडीत, मागच्या बैठकीवर, सौभाग्यवतींच्या मांडीवर जाते.

देखभाल थोडी आहे, पण ती टाळू नये. वर्षातून एकदा चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून घेतो, आणि लांबच्या फेरीत पहिल्या थांब्यावर चाकाच्या मधल्या भागाला हात लावून पाहतो. हात ठेववत नसेल इतका तो तापला असेल तर बेअरिंग जात आले आहे असे समजावे. मला सुटे चाक ट्रेलरबरोबर मिळाले नाही, ते वेगळे घ्यावे लागले, आणि ते आधीच किमतीत धरायला हवे होते. टोबारची जीभ, म्हणजे गोळा असलेला सुटा भाग, काम झाल्यावर काढून डिकीत ठेवतो, नाहीतर ती गाडी लावताना सेन्सर वाजवत राहते, शिवाय अंधारात नडगीला लागते.

आता घ्यावा की नाही याविषयी. टोबार, तिची वायरिंग, ट्रेलर, त्याची स्वतंत्र नोंदणी आणि सुटे चाक मिळून मला सुमारे अडीच हजार डॉलर लागले, आणि घराशेजारी तो उभा करायला जागाही हवी. ज्यांना वर्षातून दोनचार वेळाच लागणार आहे त्यांनी फक्त टोबार बसवून घ्यावा आणि ट्रेलर हार्डवेअरच्या दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून तासांच्या बोलीने भाड्याने आणावा. भाड्याच्या ट्रेलरचे टायर आणि दिवे मात्र निघण्यापूर्वी स्वतः पाहावेत. आमच्यासारखी ज्यांची बाग आहे, मंडळाचे काम आहे, त्यांनी जस्ताचा, ब्रेक नसलेला, शक्य तितका हलका सहा बाय चार जरूर घ्यावा. मी पुन्हा घेतला तर हाच घेईन, फक्त दिव्यांची जोडणी दुकानातच उघडून पाहीन.

हायब्रीड गाडी असलेल्यांनी एवढे पैसे घालण्याआधी पुस्तिका उघडावी. नव्या हायब्रीड कॅमरीची ट्रेलर ओढण्याची मर्यादा ४०० किलो आहे, म्हणजे माझ्यासारखा २१० किलोचा ट्रेलर जोडल्यावर मालासाठी १९० किलोच उरतात. त्यात मखर, फ्रीज, सायकली आणि बागेतला पालापाचोळा आरामात जातो, परंतु ओल्या मातीची जेमतेम तीन बोटे. त्यांनी माती घरपोच मागवावी.